नाव ठेवले कुणी, नाव काढले कुणी?



मागच्या आठवड्यात वडूजच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. गाडीला अजून वेळ होता. शेजारी एक आजोबा, पायाशी बाजाराची पिशवी, आणि त्यांचा सहावी-सातवीतला नातू. पोराच्या मांडीवर वही उघडी होती. शाळेत बाईंनी गृहपाठ दिला होता, ‘आपल्या गावाचे नाव कसे पडले, ते मोठ्या माणसांना विचारून लिहा.’

पोराने आजोबांना विचारले. आजोबा म्हणाले, “आपल्या गावात पूर्वी एक ऋषी तप करीत हुता. त्येच्या नावावरनं गाव.”

समोरच्या बाकावर त्यांच्याच गावचे तात्या बसले होते. ते लगेच म्हणाले, “ऋषी कुठला आलाय आबा? राक्षस हुता त्यो. देवीनं मारला. मरताना म्हणाला, माझं नाव तेवढं ऱ्हाऊ द्या.”

पलीकडे भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मावशी हसल्या. म्हणाल्या, “त्या नावाचं झाड हुतं वढ्याच्या कडंला. माझ्या सासूबाई सांगायच्या. मी नवी नवरी आले तवा त्येचं खोड बघितलंय.”

पोराने तिन्ही उत्तरे उतरवून घेतली आणि पेन्सिल कानावर ठेवून मला विचारले, “काका, यातलं खरं कंचं लिवू?”

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. पोरगे आजोबांचा हात धरून पळाले आणि उत्तर माझ्यापाशीच राहिले. आजचे हे पान त्या पोरासाठी आहे. त्याच्या गावाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. नाहीतर पुढच्या बाजाराला आबा आणि तात्या दोघेही मला जाब विचारतील! आणि तसे पाहिले तर हे एका गावाचे कोडे नाहीच. तुमच्याही गावच्या पारावर हा वाद कधी ना कधी झालेला असणार.

देव, राक्षस आणि हाक

आपल्या खटाव तालुक्यातले औंध घ्या. डोंगरावर यमाईचे ठाणे आहे. औंधासुर नावाचा राक्षस या भागात माजला होता, देवीने त्याला मारले आणि त्याच्या नावावरून गावाला औंध म्हणू लागले, अशी कथा भाविक सांगतात. देवीच्या नावाचीही वेगळी कथा आहे. देवाने ‘ये माई’ अशी हाक मारली, म्हणून ती यमाई झाली. हाक मारणारा कोण? कोणी म्हणतात जोतिबा, कोणी म्हणतात प्रभू रामचंद्र. तिकडे तुळजापूरच्या देवीला तुकाई म्हणतात, त्याचीही गोष्ट अशीच आहे. सीतेचे रूप घेऊन आलेल्या देवीला रामाने ओळखले आणि विचारले, ‘तू का आई?’

आता वाईकडे या. पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष विराट राजाच्या नगरीत काढले, ती विराटनगरी म्हणजे वाई, असे तिकडची जुनी माणसे सांगतात. जवळच पांडवगड आणि वैराटगड आहेत, ते साक्षीला उभे करतात. पण अभ्यासक विराटाची राजधानी राजस्थानात जयपूरकडच्या बैराट गावी दाखवतात. आणखीही कितीतरी गावे आपल्याला विराटनगरी म्हणवतात. पांडव बारा वर्षे वनात फिरले आणि तेरावे वर्ष लपून राहिले. लपलेल्या माणसाचा मुक्काम कोणत्याही गावाला आपल्याकडे सांगता येतो, त्याला कोण नाही म्हणणार?

मंडळी, मी या कथांना हसत नाही आणि तुम्हीही हसू नका. कथेत गावाचे मन असते. दुष्काळी मुलखातले माणूस संकटाला राक्षस म्हणते आणि त्याला मारणाऱ्या शक्तीला आई म्हणते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण कथा मनाची साक्ष देते, कागदाची देत नाही. कथेतून गावाची श्रद्धा कळते. पाया कधी खणला, वस्ती कोणी केली, हे तिला विचारून भागत नाही.

कानाला गोड लागले म्हणून

दुसऱ्या जातीच्या गोष्टी कानातून जन्मतात. नाव ऐकायचे, त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला अर्थ चिकटवायचा. सांगली म्हणजे सहा गल्ल्या, हे तुम्ही ऐकलेच असेल. साताऱ्याचे तर विचारू नका. कोणी सात तारा म्हणतो, कोणी सात डोंगर मोजून दाखवतो. इंग्रजांनी 1885 साली सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर छापले, त्यात किल्ल्याच्या सतरा भिंती, बुरूज आणि दरवाजे यांवरून सातारा असे सांगणे नोंदलेले आहे. म्हणजे एका गावासाठी सात आणि सतरा असे दोन आकडे झाले! दोन्ही कानाला पटतात, पण दोन्ही एकदम खरे कसे असतील?

गंमत अशी की त्याच किल्ल्याचे एक नाव कसे पडले ते नक्की ठाऊक आहे. 1700 साली औरंगजेबाने सातारचा किल्ला घेतला आणि आपल्या मुलाच्या, शहाजादा आझमच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटले. मराठ्यांनी किल्ला परत घेतल्यावर ते नाव उडाले. आज आपण अजिंक्यतारा म्हणतो. बादशहाने ठेवलेले नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. नाव राजा ठेवतो, पण ते चालवायचे की नाही हे शेवटी लोकच ठरवतात.

आता आपल्या वडूजचे पाहू. वडूज म्हटले की पहिल्यांदा वडाचे झाड डोळ्यांपुढे येते. साताऱ्याजवळ वडूथ आहे, कराडकडे वडोली आहे, वडगावे तर पायलीला पन्नास. पण ऐकायला सारखे म्हणून मूळ एकच, असे धरून चालू नये. गुजरातेतल्या बडोद्याचे जुने नाव वडपद्रक होते हे आपण छातीठोकपणे सांगतो, कारण इ. स. 812 च्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात ते नाव कोरलेले आहे. तिथल्या वडाला तांब्याचा साक्षीदार मिळाला. वडूजचा वड मनात खुशाल वाढू द्यावा, पण कागदावर चढवण्याआधी त्यालाही साक्षीदार हवा.

कानाने मोठमोठे विद्वानही फसतात. अलाहाबादच्या स्तंभावर समुद्रगुप्ताच्या दक्षिणेतल्या विजयांची यादी कोरलेली आहे. तीत देवराष्ट्र हे नाव येते. पूर्वीच्या काही अभ्यासकांना हा आपला महाराष्ट्रच वाटला. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आपल्या शेजारीच, सांगली जिल्ह्यात. नाव तर हुबेहूब! पण पुढे आंध्रच्या किनाऱ्याकडच्या ताम्रपटात देवराष्ट्राचा पत्ता लागला आणि समुद्रगुप्ताची स्वारी तिकडे सरकली. नाव जुळले, पण वाट जुळली नाही.

सातासमुद्रापलीकडचे एक गाव

नावाला गोष्ट चिकटवण्याची ही हौस आपल्यालाच आहे असे समजू नका. इंग्लंडच्या पश्चिमेला लागून वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. मेंढरे पाळणाऱ्यांचा आणि पावसाचा प्रदेश. त्यांची भाषा इंग्रजीहून वेगळी आहे आणि तिचा त्यांना आपल्यासारखाच अभिमान आहे. तिथे बेदगेलर्ट नावाचे एक गाव आहे. त्यांच्या भाषेत ‘बेद’ म्हणजे थडगे. तेव्हा गावाचे नाव झाले ‘गेलर्टची समाधी’.

हा गेलर्ट कोण? तिकडची गोष्ट अशी. तेराव्या शतकात ल्युएलिन नावाचा राजा होता. त्याचा लाडका शिकारी कुत्रा गेलर्ट. एकदा राजा शिकारीला गेला आणि कुत्रा घरी राहिला. राजा परत आला तो काय पाहतो! पाळणा उलटलेला, तान्हे बाळ दिसत नाही, आणि कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले. राजाने तलवार उपसून कुत्र्याला ठार केले. तेवढ्यात पाळण्याखालून बाळ रडले. बाजूला एक लांडगा मरून पडला होता. कुत्र्याने बाळाला वाचवले होते. राजा आयुष्यभर पस्तावला, त्याने कुत्र्याची समाधी बांधली आणि गावाला त्याचे नाव मिळाले. आजही लोक ती समाधी बघायला जातात आणि डोळे पुसत परत येतात.

ऐकल्यासारखी वाटते ना गोष्ट? अहो, ही तर आपल्या घरची! ब्राह्मणी पाण्याला जाते, बाळापाशी मुंगूस असते, मुंगूस सापाला मारते, आणि रक्ताने माखलेले त्याचे तोंड पाहून ती घागर त्याच्याच डोक्यात घालते. पंचतंत्रातली ही गोष्ट आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात गेले, आठव्या शतकात अरबीत उतरले आणि तिथून युरोपभर पसरले. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा झाला. पस्तावा तेवढा तोच राहिला.

आता खरे काय ते ऐका. बेदगेलर्ट हे नाव केलर्ट नावाच्या जुन्या काळच्या एका साधूवरून पडले असावे असे तिकडचे अभ्यासक मानतात. आणि कुत्र्याची ती समाधी? अठराव्या शतकाच्या अखेरीस गावात खाणावळ चालवणाऱ्या माणसाने पुढाकार घेऊन ती रचली. पाहुणे गाव बघायला यावेत, मुक्काम करावा, चार पैसे गल्ल्यात पडावेत, हा हेतू. गोष्ट गावोगाव फिरत होतीच, त्याने तिला आपल्या गावात घर बांधून दिले.

यातून आपण काय घ्यायचे? नावाचा मूळ अर्थ विसरला की ते नाव रिकाम्या घरासारखे होते, आणि रिकाम्या घरात कोणतीही गोष्ट बिऱ्हाड करते. वेल्समध्ये साधू विसरला, तिथे कुत्रा आला. आपल्याकडे कुठे झाड विसरले असेल, तिथे ऋषी आला असेल. म्हणून गोष्ट ऐकली की दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट आणखी कुठल्या गावाला सांगतात का? आणि ती सांगण्यात कोणाचा फायदा आहे का? या दोन प्रश्नांतच बरेचसे पाखडून होते.

ज्यांना साक्षीदार आहेत ती नावे

सगळीच नावे अशी धुक्यातली नाहीत. आपल्याच भागात पक्क्या साक्षीची नावे आहेत.

कराडचे जुने नाव करहाटक. महाभारतात सहदेवाच्या दक्षिणेतल्या स्वारीत ते येते. मध्य प्रदेशात भरहुत येथे एक प्राचीन बौद्ध स्तूप होता. दोन हजार वर्षांहून अधिक जुने त्याचे दगड. त्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत ‘करहकट’ गावचे लोक आहेत. विचार करा, एसटी नाही, रेल्वे नाही, आणि कृष्णाकाठच्या माणसांचे दान एवढ्या लांब जाऊन दगडावर उमटले. त्या दात्यांनी आपल्या नावापुढे गावाचे नाव घातले, म्हणून आज कराडला एवढ्या जुन्या काळाची साक्ष मिळते.

माणदेशातले शिखर शिंगणापूर देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाच्या नावावरून, असे इतिहासाचे जाणकार सांगतात. खुद्द माण तालुक्याला माण नदीचे नाव आहे, पण कचेरी दहिवडीत. आणि गावांमागे लागणारे बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतले, बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. एका गावातून भाऊबंद फुटून दुसरी वस्ती झाली की ही शेपटे लागली. त्यात ना राक्षस आहे, ना ऋषी. वाटणी आहे, आणि वाटणी आपल्याला चांगलीच ठाऊक आहे!

किर्लोस्करवाडीचे पाहा. कोकणात किर्लोस नावाचे गाव आहे. त्यावरून घराण्याला किर्लोस्कर आडनाव मिळाले. त्या घराण्यातल्या लक्ष्मणरावांनी 1910 साली कुंडलजवळच्या माळरानावर, औंध संस्थानच्या हद्दीत, नांगराचा कारखाना उभा केला. माळावर वस्ती झाली आणि तिला किर्लोस्करवाडी म्हणू लागले. एका गावाने माणसाला नाव दिले आणि माणसाने ते दुसऱ्या गावाला दिले.

आटपाडी तालुक्यातले स्वतंत्रपूर तर गोष्टीतल्यासारखे, पण अगदी खरे. औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, 1939 साली मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या मदतीने तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंत नाही, कुलूप नाही. खून केलेल्या माणसांनीही विश्वासावर राहायचे आणि शेती करायची. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला याच प्रयोगातून प्रेरणा मिळाली. कैद्यांच्या वस्तीला स्वतंत्रपूर म्हणायचे, यातच त्या माणसांचे मोठेपण दिसते.

आणि माणसांची नावे? खटाव तालुक्यातले कटगुण हे महात्मा जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे गाव. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुढे पुण्यात घराण्याने फुलांचा धंदा केला आणि आडनाव फुले झाले. नाव कामावरून पडते, याहून चांगला दाखला कुठे शोधायचा?

उताऱ्यावरची ती ओळ

तुम्ही म्हणाल, गावाच्या नावाचे इतके कवतिक कशाला? पोट भरायला त्याचा काय उपयोग? तर आता कामाचे बोलतो.

घरातला सातबारा काढा. गाव नमुना सातच्या वरच्या भागात, गट नंबराच्या आसपास, एक ओळ सापडेल, ‘शेताचे स्थानिक नाव’. तुमच्या उताऱ्यावर त्यापुढे काय आहे? बहुतेक घरांत उत्तर येईल, काही नाही. ती जागा कोरी आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी शेताला नंबराआधी नाव होते. चिंचेचा मळा, वाघदरा, झरीची पट्टी, म्हसोबाचे टेक, इनामाचा तुकडा, पाणंदीचे वावर. पुढे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा 1947 चा कायदा आला. ज्या गावांत योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. हिशेबाला ते सोयीचे झाले, पण पोरे म्हणू लागली, ‘दोनशे बाराला पाणी चाललंय.’ झरीची पट्टी कोणती, हे म्हाताऱ्याशिवाय कोणाला सांगता येईना.

याचा तोटा मोजून बघा. जुन्या खरेदीखतात, वाटणीपत्रात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचा मळा, पश्चिमेस तमका ओढा, दक्षिणेस म्हसोबाचे टेक. आता टेक कोणते हे सांगणारे माणूस गेले आणि टेकही सपाट झाले, तर कागद मुका होतो. मग बांधाच्या वितीसाठी भाऊ भावाचे तोंड बघत नाही आणि दोघांचे पैसे तालुक्याच्या फेऱ्यांत जातात. नाव जपले असते तर निदान बोलायला एक आधार राहिला असता.

दुसरे, शेताच्या नावात शेताचा स्वभाव असतो. झरी नाव असेल तर कधीतरी तिथे पाझर होता. विहीर घेण्याआधी त्या नावाकडे एकदा बघावे. नुसत्या नावावर खणू नये, जाणकाराला दाखवावे, पण नाव डावलूही नये. खारपट नाव असेल तर जमीन तपासून घ्यावी. पाणलोटाच्या कामाला गाव बसते तेव्हा ओढ्या-ओघळींची जुनी नावे सांगणारे म्हातारे माणूस जवळ असले तर निम्मी पायपीट वाचते.

तिसरे, पांढरी आणि काळी. वस्तीची जमीन ती पांढरी, पिकाची ती काळी, हे आपण जाणतो. पण कधी कधी शिवारातच एखाद्या वावराला पांढरी म्हणतात. मातीत राख मिसळलेली, नांगराला खापऱ्या लागतात. ते बहुधा जुने, उठून गेलेले गावठाण असते. पुरातत्त्वाचे अभ्यासक अशी पांढरीची टेकाडे शोधत फिरतात. म्हणजे तुमच्या गावाचा खरा इतिहास एखादे वेळी तुमच्याच बांधावर पडलेला असेल आणि त्याचा पत्ता फक्त त्या वावराच्या नावात उरला असेल.

सगळीच जुनी नावे जपायची का?

नाही. हेही स्पष्ट सांगतो. मराठीत नाव ठेवणे म्हणजे बारसे करणे, आणि नावे ठेवणे म्हणजे दुसऱ्याला हिणवणे. आपल्या गावांतून काही वस्त्यांना जातीवरून जी नावे पडली, ती बारशाची नव्हती, हिणवण्याची होती. तिथल्या पोराला शाळेत पत्ता सांगताना मान खाली घालावी लागे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच झाला. जे नाव सांगताना माणसाची मान खाली जाते, ते जुने असले तरी सोडावे. जे सांगताना मातीची ओळख पटते, ते मोडके असले तरी धरून ठेवावे.

या पावसाळ्याआधी एवढे करा

एक शंभरपानी वही घ्या. पहिल्या पानावर गावाचे नाव लिहा. जितक्या गोष्टी कानावर येतील तितक्या लिहा, पण प्रत्येकीखाली सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख घाला.

मग शिवाराला एक फेरी मारा. घरातले सर्वांत वयस्क माणूस बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर मागे बसवा, आणि बांधाबांधाला थांबून विचारा, ‘याला काय म्हणत होता?’ नाव लिहा, शेजारी गट नंबर लिहा. नाव आणि नंबर यांची गाठ एकदा बसली की पुढच्या पिढीला शोधत बसावे लागणार नाही.

आयाबायांना विचारायला विसरू नका. पुरुष माणूस जन्मभर एकाच गावात राहते. बाईला माहेर आणि सासर अशी दोन शिवारे पाठ असतात. पाण्याच्या जागा, सरपणाची राने, देवाला जायच्या वाटा यांची नावे आजीला जितकी ठाऊक असतात तितकी आजोबांना नसतात. जात्यावरच्या ओव्यांतूनही गावोगावची नावे येतात. आजी म्हणू लागली की लिहून घ्या. आजीला गाणे होईल, तुम्हाला नोंद होईल.

नदीलाही विसरू नका. आपली येरळा खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिचे दुसरे नाव वेदावती सांगतात. एक नाव पूजेचे, एक रोजच्या वापराचे. दोन्ही लिहा.

वही भरली की तिची एक प्रत शाळेत द्या, एक ग्रामपंचायतीत. मूळ वही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. ती जागा सर्वांत सुरक्षित, कारण ती पिशवी आपण जिवापाड सांभाळतो.

आता त्या पोराचे उत्तर

बाळा, तू विचारलेस यातले खरे कोणते लिहू? तिन्ही लिही. आबांनी ऋषी सांगितला, ते लिही. तात्यांनी राक्षस सांगितला, तेही लिही. पण मावशींच्या उत्तरापुढे एक खूण कर. आबा आणि तात्यांनी ऐकलेले सांगितले. मावशींनी निम्मे ऐकलेले सांगितले, पण खोड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ऐकलेले एका रकान्यात आणि पाहिलेले दुसऱ्या रकान्यात लिहिलेस, तर तुझा गृहपाठ चांगल्या इतिहासकाराच्या तोडीचा होईल. आणि सुट्टीच्या दिवशी मावशींना घेऊन ओढ्याकडे जा. खोड नसले तरी जागा दाखवतील. लवकर जा बरे, मावशींचे वय झाले आहे.

जाता जाता एक सांगतो. आपल्या तालुक्याचे नाव खटाव, पण कचेरी वडूजला. त्याच कचेरीवर 9 सप्टेंबर 1942 रोजी आसपासच्या गावांतून शेतकरी माणसांचा मोर्चा आला. हातात तिरंगा, कमरेला भाकरी. इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे आठ जण, असे नऊ वीर पडले. तेव्हापासून वडूज म्हटले की जाणत्या माणसाला वडाच्या झाडाआधी ते नऊ जण आठवतात.

गावाचे नाव ठेवणारा कोण होता, यावर आबा आणि तात्या खुशाल वाद घालोत. गावाचे नाव काढणारे कोण होते, यावर वडूजमध्ये वाद नाही. तुमच्याही गावात असे कोणी होऊन गेले असेल. त्या वहीचे शेवटचे पान त्यांच्यासाठी कोरे ठेवा, आणि विचारून, खात्री करून भरा.

बाकी सर्व क्षेम. पुढच्या आठवड्यात भेटूच.